केसपेपर कोणाचा?

मराठीच्या चर्चासत्रांतून एक वाक्य इतक्या सहजपणे उच्चारले जाते की त्याला पुरावा मागण्याची कोणास गरजच भासत नाही. ‘खाजगीपण ही आधुनिक, शहरी आणि मुळात पाश्चात्त्य कल्पना, आपल्या गावगाड्याला ती ठाऊकच नव्हती’ हे ते वाक्य. कादंबरीतील आत्मनिवेदनाची चर्चा चालली असेल तोवर या वाक्याने कोणाचे फारसे बिघडत नाही; फार तर एखाद्या शोधनिबंधात एक परिच्छेद वाढतो. परंतु हेच वाक्य आता सभागृहाबाहेर पडून दवाखान्याच्या दारात उभे राहिले आहे. रुग्णाची माहिती सांभाळण्याचा विषय काढला की तालुक्याच्या गावचा डॉक्टर, त्याचा कंपाउंडर, शेजारचा मेडिकलवाला आणि (दुर्दैवाने) आपल्यातला एखादा प्राध्यापकही म्हणतो, ‘अहो, खेड्यात कसली आलीय गुप्तता? इथे सगळ्यांना सगळ्यांचे सगळे ठाऊक असते.’ हे विधान खोटे आहे. ते सोयीचे आहे म्हणून टिकून आहे, आणि ते टिकवण्यात आपल्या विद्याशाखेचाही हातभार आहे.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर आणि आंबेगाव हे दोन तालुके घेऊ. पुणे-नाशिक महामार्गावरचे मंचर, नारायणगाव, आळेफाटा ही बाजारपेठेची गावे. पश्चिमेला भीमाशंकरच्या आणि माळशेजच्या बाजूस महादेव कोळी वस्त्यांचा डोंगरी पट्टा. खाजगी दवाखाने महामार्गालगत दाटीने, डोंगराकडे विरळ. यातल्या कोणत्याही मध्यम आकाराच्या दवाखान्याची रचना वाचकांनी डोळ्यांपुढे आणावी. बाहेर बाक, बाकासमोर कंपाउंडरचे टेबल, टेबलावर केसपेपरांचा गठ्ठा. नंबर लावताना नाव, गाव, वय सांगायचे आणि त्याच दमात ‘काय होतंय?’ या प्रश्नाचे उत्तरही द्यायचे. बाकावर बसलेल्या दहाबारा जणांना ते ऐकू जाते. नंतर आतून नाव पुकारले जाते, ‘त्या लघवीच्या तपासणीवाल्या बाई कोण?’ अशा स्वरूपात. तपासणीच्या खोलीला दार असते, पण ते बहुधा पडद्याचे काम करते आणि पडदा पंख्याच्या वाऱ्यावर हलतो. चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जावे तर काउंटरवर गर्दी, आणि औषधाचे नाव मोठ्याने वाचून ‘हे कोणासाठी?’ ही विचारणा. लॅबचा रिपोर्ट व्हॉट्सअॅपवर येतो. तो ज्या मोबाइलवर येतो तो पुष्कळदा सासऱ्याचा किंवा दिराचा असतो, कारण नोंदवताना घरातला एकच नंबर दिलेला असतो.

या सगळ्यात दुष्टावा कोठेही नाही. म्हणूनच त्याची तक्रार होत नाही.

आता ‘सगळ्यांना सगळे ठाऊक असते’ या युक्तिवादाची परीक्षा घेऊ. तो खरा असता तर मंचरच्या माणसाला काही विशिष्ट तपासण्यांसाठी नारायणगाव गाठावे लागले नसते, नारायणगावच्या माणसाला राजगुरुनगर आणि राजगुरुनगरच्या माणसाला पुणे. घराजवळच्या ग्रामीण रुग्णालयात एचआयव्हीची तपासणी मोफत होत असताना माणसे एसटीचे भाडे, एक दिवसाची मजुरी आणि वर उपाशी पोटाचा प्रवास सोसून परगावी का जातात? गर्भपातासाठी, क्षयाच्या शंकेसाठी, मूल होत नाही म्हणून, दारू सुटावी म्हणून, डोके ‘फिरले’ म्हणून, प्रत्येक कारणासाठी आडवाटेचे गाव वेगळे असते आणि ते कोणते हे घरातल्या जाणत्या बाईला बरोबर ठाऊक असते. हा गुप्ततेसाठी पदरचे पैसे मोजून केलेला प्रवास आहे. ज्या वस्तूची किंमत गरीब माणूस रोखीने मोजतो, ती त्याला नकोच आहे असे म्हणणाऱ्याने अर्थशास्त्राचे सोडा, निदान निरीक्षणाचे भान ठेवावे. गुप्तता नसेल तेथे रुग्ण दूर जातो, उशिरा जातो किंवा जातच नाही. पश्चिम पट्ट्यातून घोडेगावपर्यंत येणेच जिथे अर्ध्या दिवसाचे काम, तिथे ‘जातच नाही’ हा पर्याय सर्वांत स्वस्त ठरतो.

भाषेचा पुरावाही वेगळे सांगत नाही. मराठीत ‘षट्कर्णी होणे’ असा एक नेमका शब्दप्रयोग आहे. दोघांमधली, म्हणजे चार कानांमधली गोष्ट तिसऱ्याच्या दोन कानांपर्यंत पोहोचली की ती फुटली, असा त्याचा हिशेब. वैद्य आणि रुग्ण मिळून चार कान होतात. कंपाउंडरपासून पुढचे सगळे कान जादा. झाकली मूठ, चव्हाट्यावर येणे, चार भिंतींच्या आड, कानोकान खबर नसणे, अशी एवढी शब्दसंपत्ती ज्या समाजाने साठवली त्याला खाजगीपण ठाऊक नव्हते हे कसे मानायचे? ज्याला ‘पाश्चात्त्य’ हा शब्द फार प्रिय असेल त्याने चरकसंहितेच्या विमानस्थानातील शिष्याला द्यावयाचा उपदेशही पाहावा. रुग्णाच्या घरात जे दिसेल ते बाहेर सांगू नये, अशी आज्ञा तेथे स्पष्ट आहे.

इतिहासाकडे वळायचे तर फार लांब जायला नको. याच जिल्ह्याचे मुख्यालय पुरेसे आहे. पुण्यात १८९७ साली प्लेगची साथ आली तेव्हा घरोघर शिरून झडती घेणाऱ्या सैनिकांविरुद्ध जो संताप उसळला, त्याच्या मुळाशी केवळ देवघराचा विटाळ नव्हता. स्त्रियांच्या अंगावरच्या गाठी चारचौघांत तपासल्या जातात, ही त्या तक्रारीतील सर्वांत जळती ठिणगी होती. प्लेगच्या रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीबद्दल पंडिता रमाबाईंनीही त्या वर्षी जाहीरपणे लिहिले. २२ जून १८९७ रोजी रँडवर गोळी झाडली गेली, आणि पुढचा इतिहास शाळेच्या पुस्तकात आहे. हत्येचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. मुद्दा एवढाच की ज्या समाजाला शरीराची गुप्तता ‘ठाऊक नव्हती’ तो समाज शरीराच्या उघड्या तपासणीवर इतका पेटला कसा, याचे उत्तर त्या चर्चासत्रीय वाक्यापाशी नाही.

आणि समाजस्वास्थ्यकार रघुनाथ धोंडो कर्वे? १९२७ पासून १९५३ पर्यंत त्यांनी ते मासिक चालवले. वाचक टपालाने आपल्या लैंगिक शंका विचारत आणि कर्वे छापील उत्तरे देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बाजू मांडायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. खटला हरला, दंड झाला. साहित्याच्या अभ्यासक्रमात हा प्रसंग आपण अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या प्रकरणात टाकतो. तो तेथे शोभतोच, पण त्याची दुसरी बाजू आपल्याला दिसत नाही. माणसे या शंका आपल्या गावच्या डॉक्टरला विचारू शकत नव्हती म्हणून एका मासिकाला पत्र लिहीत होती. टपालाचे पाकीट ही त्या काळातील सर्वांत सुरक्षित तपासणीची खोली होती.

नारायणगावविषयी लिहिताना विठाबाईंचे नाव टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. भर तमाशात कळा सुरू झाल्या, विठाबाई पडद्यामागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर आल्या, ही कथा महाराष्ट्राने किती आवडीने सांगितली! कलानिष्ठेचे उदाहरण म्हणून ती भाषणांत येते, लेखांत येते, विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांतही येते. त्या कथेत सुईण का नाही, हे विचारणारा लेख मात्र क्वचित दिसतो. विठाबाई मोठ्या कलावंत होत्या आणि त्यांची कथा सार्वजनिक झाली आहे, हे मान्य. परंतु तमाशातील बाईचे शरीर हे जणू सर्वांच्या मालकीचे, त्याचे बाळंतपण हा गोष्टीचा विषय आणि त्याचे आजारपण हा कुजबुजीचा, ही नजर त्या एका कथेपुरती थांबत नाही. गुढीपाडव्याच्या सुमारास नारायणगावात फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे लोक सुपारी द्यायला येतात. त्या दिवसांत फडातली एखादी मुलगी तापाने दवाखान्यात आली तर बाकावरच्या नजरा तिच्या केसपेपरवर काय लिहून ठेवतात, हे सांगण्याची गरज नाही. तिला साधा ताप असण्याचा अधिकारच नसतो.

कायदा काय म्हणतो? भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ चे आचारनियम आजही लागू आहेत (२०२३ मध्ये नवे नियम आले आणि त्याच महिन्यात स्थगितही झाले). रुग्णाने विश्वासाने सांगितलेले उघड करू नये हा नियम त्यांत आहे. न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला किंवा समाजाला गंभीर धोका आणि कळवणे बंधनकारक असलेले रोग हे अपवाद. रुग्णाने स्वतःची कागदपत्रे मागितली तर ७२ तासांत द्यावीत हाही नियम आहे. म्हणजे कायद्याच्या दृष्टीने केसपेपर रुग्णाला खुला आणि बाकाला बंद असायला हवा. प्रत्यक्षात नेमके उलटे घडते. बाकावर साऱ्यांना आजार कळतो आणि रुग्णाने आपली फाईल मागितली तर ‘कशाला पाहिजे? दुसरीकडे दाखवणार का?’ असा प्रश्न येतो.

याच नियमावलीत आणखी एक कलम आहे, ज्याने आपल्या क्षेत्राची झोप उडायला हवी. रुग्णाची ओळख पटेल असे छायाचित्र किंवा त्याच्या आजाराची हकिगत त्याच्या परवानगीवाचून कोणत्याही वैद्यकीय ‘किंवा अन्य’ नियतकालिकात प्रसिद्ध करू नये, असे ते सांगते. या ‘अन्य’मध्ये आपले दिवाळी अंक येतात. डॉक्टरांचे अनुभवकथन हा मराठीतला भरभराटीचा प्रकार आहे. त्यातले काही लेखन उत्तम आहे आणि त्याने रुग्णाकडे पाहण्याची दृष्टी दिली आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण पुष्कळ लेखांच्या तळाशी ‘नावे बदलली आहेत’ एवढी एक ओळ टाकली की लेखक, संपादक आणि समीक्षक तिघेही मोकळे होतात. नाव बदलल्याने ओळख लपते ती महानगरात. ‘आमच्या तालुक्यातील एका शाळेतली शिक्षिका, नवरा सैन्यात, धाकटा दीर सरपंच’ एवढे लिहिल्यावर नावाची आवश्यकता उरतेच कोठे? त्या शिक्षिकेला मूल न होण्याची कारणे वाचून पुण्यामुंबईचा वाचक हळवा होतो, आणि तिच्या गावातले चार वाचक दुसऱ्या दिवशी तिच्या शाळेच्या फाटकाशी उभे असतात. परवानगी विचारली होती का, हा प्रश्न कोणत्याही परीक्षणात येत नाही. आपण शैली पाहतो, अनुभवाची ‘सच्चाई’ पाहतो. सच्चाईचा मालक कोण, हे पाहत नाही. याउलट स्वतःच्या देहाची हकिगत स्वतः सांगणारे लेखन, उदाहरणार्थ पद्मजा फाटक यांचे ‘हसरी किडनी’, याच्याकडे आपण वेगळा प्रकार म्हणून का पाहत नाही? तिथे जो काही उघडेपणा आहे तो लेखिकेने स्वतः निवडलेला आहे. रुग्णाने सांगितलेली आणि डॉक्टरने सांगितलेली गोष्ट यांत निवेदनदृष्टीचा फरक आहे असे आपण वर्गात शिकवू. तो हक्काचाही फरक आहे.

छायाचित्रांचे तर विचारूच नये. जुन्नर वनविभागाचा हा सगळा परिसर उसाचा आणि म्हणून बिबट्याचा. हल्ला झाला की जखमी रुग्णालयात पोहोचण्याआधी त्याचे छायाचित्र पोहोचते. टाके घातलेला मुलाचा चेहरा, सलाइन लावलेली आजी, कधी तर शवविच्छेदनाच्या दाराशी काढलेले चित्रण, हे सारे गटागटांतून फिरते. वनखात्याकडून भरपाई मिळण्यासाठी वैद्यकीय कागद लागतो, हे खरे. त्या कागदाचा प्रवास ठरलेला आहे आणि तो योग्य आहे. पण खाटेजवळ उभे राहून काढलेले छायाचित्र भरपाईच्या फाईलसाठी नसते. बिबट्याच्या प्रश्नाची दाहकता शासनाला कळावी म्हणून ते हवे, असे सांगतात. दाहकता कळवण्यासाठी एका लहान मुलाचा चेहरा आयुष्यभरासाठी गहाण टाकावा लागत असेल तर कळणाऱ्याच्या कातडीविषयीच काही बोललेले बरे.

येथे डॉक्टरांचा एक आक्षेप प्रामाणिकपणे ऐकला पाहिजे. ते म्हणतात, ‘सगळेच झाकायचे तर साथ कशी रोखायची? होणाऱ्या बायकोला नवऱ्याचा आजार कळू नये काय?’ हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता. रक्त देताना एका डॉक्टरचा एचआयव्ही संसर्ग उघडकीस आला, रुग्णालयाकडून ती माहिती बाहेर गेली, ठरलेले लग्न मोडले. १९९८ मध्ये न्यायालयाने सांगितले की गुप्ततेचा हक्क निरपवाद नाही. वधूच्या जिवाचा हक्क त्याहून मोठा. निकालाचा हा भाग कोणालाही पटेल. पण त्यातून ‘म्हणजे सांगितले तरी चालते’ असा जो अर्थ दवाखान्यांनी काढला तो निकालात नाही. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने (तो सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला) ही वाट बरीच नेमकी आखली आहे. जोडीदाराला धोका आहे असे डॉक्टरला वाटले तर आधी रुग्णाचे समुपदेशन, त्याने स्वतः सांगावे म्हणून वाव, आणि तो सांगणार नाही असे दिसले तरच जोडीदाराला, समक्ष, समुपदेशनासह सांगणे. त्यातही सांगितल्याने स्त्रीला मारहाण किंवा घराबाहेर काढले जाण्याची भीती असेल तर थांबणे. क्षयरोगाचेही तसेच. २०१२ पासून खाजगी डॉक्टरांनी क्षयरुग्णाची नोंद शासनाला कळवणे बंधनकारक आहे. शासनाला कळवणे म्हणजे सोसायटीच्या चेअरमनला कळवणे नव्हे. ज्याला कळणे गरजेचे आहे त्याला, तेवढेच आणि ठरलेल्या वाटेने कळावे, इतके साधे हे तत्त्व आहे. ‘सगळे झाकायचे’ असे कोणीच म्हणत नाही. तो आक्षेपकांनी स्वतः उभा केलेला बुजगावण्याचा पुतळा आहे.

ठरलेली वाट सोडल्यावर काय होते ते २०२० ने दाखवले. ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातील पहिले करोनारुग्ण पुण्यात आढळले आणि त्यांची ओळख समाजमाध्यमांवर फिरली. त्याच महिन्यात राज्याने १८९७ चाच साथरोग कायदा लागू केला, आणि घरी विलगीकरणात राहणाऱ्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्के मारले गेले. पुढे गावोगाव याद्या फिरल्या, नावासह, वस्तीसह. तपासणी टाळण्याकडे लोकांचा कल झाला तर त्यात नवल ते काय?

आता कागद जाऊन संगणक येत आहे. राष्ट्रीय डिजिटल आरोग्य मोहीम सप्टेंबर २०२१ पासून देशभर सुरू झाली. चौदा अंकी आरोग्य क्रमांक काढून दिले जात आहेत. मोबाइलवर आलेला संकेतांक सांगितला की झाले. तो संकेतांक म्हणजे संमती आहे, हे सांगणाऱ्याच्याही लक्षात नसते. आणि यंत्र म्हणजे तिजोरी नव्हे: नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्ससारख्या संस्थेची संगणकव्यवस्था हल्लेखोरांनी अनेक दिवस ठप्प करून ठेवली होती. व्यक्तिगत विदासंरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. या कायद्यातील एक तरतूद मात्र थेट आपल्या दारात येऊन पडते. माहिती घेण्यापूर्वी द्यावयाची सूचना आणि संमतीची मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचता येईल, असा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. म्हणजेच मराठीत. ती मराठी कोण लिहिणार?

आज संमतीपत्रकांत जी मराठी दिसते तिचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. ‘मला सर्व माहिती समजेल अशा भाषेत समजावून सांगण्यात आली असून ती मला पूर्णतः समजली आहे’ अशा धाटणीची वाक्ये. कर्मणी प्रयोग, कर्ता गायब. कोणी सांगितले? कधी? क्रियापद पूर्ण वर्तमानकाळात आणि सही मात्र सांगण्याच्या आधी. ‘समजले आहे’ हे वाक्य ज्याला समजत नाही त्याच्याकडून त्यावर अंगठा घेतला जातो. विद्यापीठाच्या पदवी अभ्यासक्रमात उपयोजित मराठीची पत्रिका आहे. जाहिरातलेखन आहे, निवेदन आहे, मुद्रितशोधन आहे. संमतीपत्रक नाही. साहित्यातील ‘मौनाचे सौंदर्य’ यावर वर्षभर बोलणाऱ्या विभागांना, समोरच्या माणसाने मौन राखावे म्हणून रुग्णाने काय वाचायला हवे, हे लिहून देता येऊ नये? हे काम डॉक्टरांचे नाही आणि वकिलांचे तर नाहीच नाही. त्यांनी केले म्हणून ते असे झाले.

म्हणून एक मसुदा येथे ठेवत आहे. दवाखान्याच्या भिंतीवर, बाकावरून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लावण्यासाठी:

‘तुमचा आजार काय आहे हे बाहेर सांगू नका, आत डॉक्टरांनाच सांगा. बाहेर फक्त नाव आणि गाव सांगा. तुमच्याबद्दल आम्ही काय लिहितो ते तुम्ही वाचू शकता आणि त्याची प्रत मागू शकता. रिपोर्ट कोणत्या मोबाइलवर पाठवायचा ते तुम्ही ठरवा. कोणत्याही नको असेल तर तसे सांगा. तुमच्याबरोबर आलेल्या माणसाने बाहेर थांबावे असे वाटत असेल तर आम्हाला सांगा, आम्ही त्यांना थांबायला सांगू. काही आजार आम्हाला शासनाला कळवावेच लागतात. तो आजार असेल तर आम्ही कोणाला आणि काय कळवणार ते आधी तुम्हाला सांगू. तुमचा फोटो तुम्ही हो म्हटल्याशिवाय येथे कोणी काढणार नाही.’

यातील ‘तुमच्याबरोबर आलेल्या माणसाने’ हे वाक्य सासूच्या देखत वाचणाऱ्या सुनेला उपयोगी पडेल की तिच्याच अंगावर येईल, याची खात्री वाटत नाही. ते कदाचित भिंतीवरून काढून तपासणीच्या खोलीत नर्सने तोंडी विचारण्याच्या प्रश्नांत घालावे लागेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी हा मजकूर आशाताईंनी सांगावा, आणि आहुपे-भीमाशंकर बाजूच्या वस्त्यांत तिथल्या बोलीत सांगावा. तो तर्जुमा तिथल्याच विद्यार्थ्यांनी केलेला बरा. दुरुस्त्या अवश्य सुचवाव्यात, शब्दशः सुचवाव्यात.